नायट्रोजनमधील अंशमात्र ऑक्सिजन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गोव्याच्या औद्योगिक वसाहतींतील अनेक कारखाने हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा पीएसए (दाब कमी-जास्त करून वायू शोषून वेगळे करण्याची पद्धत) प्लांट स्वतःच चालवतात, आणि त्या नायट्रोजनमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी ट्रेस ऑक्सिजन अ‍ॅनालायझर बसवतात. हे यंत्र बसवणे, चालवणे आणि सांभाळणे याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. एक पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि आपल्या भोवतीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे सुमारे २,०९,००० पीपीएम असतो, एवढे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत. बहुतेक अडचणींचे मूळ या दोन आकड्यांमधील प्रचंड तफावतीत आहे.

प्रश्न: आमच्या पीएसए प्लांटचा नायट्रोजन ९९.९९९ टक्के शुद्ध असल्याचे पुरवठादार सांगतात आणि प्लांटवरील त्यांचा मीटर ६ पीपीएम दाखवतो. वापराच्या ठिकाणी आम्ही नवा अ‍ॅनालायझर बसवला असून तो २५ पीपीएमच्या खाली येत नाही. नमुना घेण्यासाठी आम्ही न्यूमॅटिक कामात वापरतो ती निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी जोडली आहे. पुरवठादारांच्या मते आमचे यंत्र सदोष आहे. ते परत करावे का? (देखभाल अभियंता, वेर्णे)

उत्तर: इतक्यात परत करू नये. आपण स्वतःच दिलेल्या माहितीत संशयाला पुरेशी जागा आहे, आणि तो संशय यंत्रावर नसून निळ्या नळीवर आहे.

पाइपमध्ये दाब असताना बाहेरची हवा आत कशी शिरेल, असा प्रश्न जवळपास प्रत्येक तंत्रज्ञ विचारतो, आणि तो रास्तही वाटतो. परंतु वायूचे रेणू एकूण दाब पाहून हालचाल करीत नाहीत. प्रत्येक घटक आपापल्या आंशिक दाबाच्या उताराने सरकतो. समजा पाइपमध्ये ५ बार गेज, म्हणजे निरपेक्ष ६ बार दाबाचा नायट्रोजन असून त्यात १० पीपीएम ऑक्सिजन आहे. मग आतील ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.०६ मिलिबार होतो, तर बाहेरील हवेत तोच २१० मिलिबारच्या आसपास असतो. बाहेरचा ऑक्सिजन आतल्यापेक्षा सुमारे साडेतीन हजार पटींनी जड भरतो. म्हणून ज्या अतिसूक्ष्म फटीतून नायट्रोजन बाहेर झिरपतो, त्याच फटीतून ऑक्सिजन उलट दिशेने आत येऊ शकतो, आणि प्लॅस्टिकच्या नळीला तर फटीचीही गरज लागत नाही, कारण ऑक्सिजन तिच्या भिंतीतूनच पार होतो. सिलिकॉन रबराची नळी यात सर्वांत वाईट. पीयू, नायलॉन आणि टेफ्लॉनच्या नळ्याही पीपीएमच्या मोजणीसाठी वापरू नयेत.

हे प्रमाण किती असते, याचा हिशेब सोपा आहे. नमुन्याचा प्रवाह मिनिटाला १ लिटर असताना वाटेत मिनिटाला केवळ ०.०५ मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढी हवा मिसळली, तरी तिच्यातील ऑक्सिजन वाचनात १० पीपीएमहून थोडी जास्त भर घालतो. एवढी गळती साबणाच्या पाण्याने सहसा सापडत नाही, कारण बुडबुडा दिसण्याइतका वायू तेथून निघतच नाही.

यंत्र सदोष आहे की वाट, हे ठरवण्यासाठी पाना हाती घेण्यापूर्वी पुढील चाचणी करावी. अ‍ॅनालायझरचा प्रवाह मिनिटाला अर्धा लिटर ठेवून आकडा स्थिर होऊ द्यावा व लिहून घ्यावा; नंतर प्रवाह एक लिटर करून पुन्हा आकडा स्थिर होऊ द्यावा. वाटेत शिरणारी हवा दोन्ही वेळा साधारण तेवढीच असते, परंतु प्रवाह दुप्पट झाला की ती दुप्पट नायट्रोजनमध्ये मिसळते आणि तिची भर निम्मी होते. समजा अर्ध्या लिटरला २५ आणि एका लिटरला साडेचौदा पीपीएम आले, तर दुसऱ्या वाचनाची दुप्पट करून त्यातून पहिले वाचन वजा करावे. उत्तर ४ येते. नायट्रोजनमधील खरा ऑक्सिजन त्याच्या जवळपास असून बाकीचा तुमच्या वाटेने आत आणलेला आहे. हे उत्तर अंदाजेच असते, पण कोणाशी वाद घालावा हे ठरवायला पुरेसे असते.

आकडा प्रवाहानुसार हललाच नाही, तर नमुन्याची नळी निर्दोष समजावी. मग दोनच शक्यता उरतात. अ‍ॅनालायझरला प्रमाणित गॅस देऊन पाहावा. त्याने प्रमाणपत्रावरील आकडा दाखवला तर यंत्र ठीक आहे, आणि प्लांटपासून तुमच्यापर्यंतच्या मुख्य पाइपलाइनमध्येच, बहुधा एखाद्या फ्लँजच्या गॅस्केटमध्ये वा व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये, हवा शिरते आहे. अशा वेळी मोजणीची जागा प्लांटच्या दिशेने टप्प्याटप्प्याने मागे सरकवीत जावे.

नळी बदलताना एसएस ३१६ ची, आतून स्वच्छ केलेली, पाव इंची ट्यूब घ्यावी आणि ती शक्य तेवढी आखूड ठेवावी. सांधे दुहेरी फेरूलचे, म्हणजे नट आवळला की ट्यूबला पकडणाऱ्या दोन कड्यांचे, असावेत. पाव इंची फिटिंगचा नट प्रथम हाताने घट्ट करून, त्यावर खूण करून, पान्याने सव्वा फेरा द्यायचा असतो. ही खूण न करता अंदाजाने आवळणारे कारागीर पुष्कळ आहेत. कमी आवळला तर गळती होते आणि अति आवळला तर फेरूल कायमचा बिघडतो. दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरचा डायफ्राम स्टेनलेस स्टीलचा असावा, रबराचा नसावा. प्रवाह नियंत्रित करणारा सुई-व्हॉल्व्ह सेन्सरच्या आधी आणि काचेचा रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी) सेन्सरच्या नंतर बसवावा, कारण रोटामीटरच्या ओ-रिंगमधून हवा शिरली तरी तोपर्यंत नमुना मोजून झालेला असतो. अनेक तयार पॅनेलांत रोटामीटर आधी लावलेला आढळतो. माझ्या मते अशी पॅनेले स्वीकारूच नयेत. माझे स्पष्ट मत असे आहे की यंत्राच्या किमतीत काटकसर करावी लागली तर करावी, पण ट्यूब, फिटिंग आणि रेग्युलेटर यांत करू नये.

जाता जाता एक गोष्ट पुरवठादारांच्या प्रमाणपत्राविषयी. पीएसए नायट्रोजनची शुद्धता सांगताना हवेतील आर्गॉन सहसा नायट्रोजनमध्येच धरलेला असतो, तेव्हा ९९.९९९ टक्के याचा व्यवहारातील अर्थ ऑक्सिजन १० पीपीएमपर्यंत, असाच घ्यावा. तसेच ठरलेल्यापेक्षा अधिक नायट्रोजन ओढला की त्याच प्लांटची शुद्धता घसरते, म्हणून दोन्ही मीटरची तुलना एकाच वेळी आणि एकाच भाराखाली करावी.

प्रश्न: आमच्याकडे अमोनिया क्रॅकरवर चालणारी अ‍ॅनीलिंग (धातू तापवून मऊ करणारी) भट्टी आहे. झिर्कोनिया सेन्सरचा अ‍ॅनालायझर वर्षानुवर्षे टिकतो असे ऐकून तो घेण्याचा विचार आहे. योग्य होईल का? (उत्पादन पर्यवेक्षक, कुंडई)

उत्तर: आपल्या वायूसाठी योग्य होणार नाही. अमोनिया फुटल्यावर तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन असे मिश्रण तयार होते. झिर्कोनिया सेन्सर ६५० ते ७५० अंश सेल्सिअसला तापवलेला असतो आणि त्यावर प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात. त्या तप्त पृष्ठभागावर हायड्रोजन नमुन्यातील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी बनवतो, आणि सेन्सरला ऑक्सिजन शिल्लकच राहत नाही. यंत्र अत्यंत देखणा, जवळपास शून्य आकडा दाखवते आणि भट्टीत शिरलेली हवा लपून राहते.

शुद्ध नायट्रोजन किंवा आर्गॉनसाठी मात्र झिर्कोनिया उत्तम आहे. त्याचे कार्य वाल्थर नेर्न्स्ट यांच्या १८८९ च्या समीकरणावर चालते. ज्यांना पुढे १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे नेर्न्स्ट. सेन्सरच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला नमुना असला की दोन्हींतील ऑक्सिजनच्या गुणोत्तरानुसार विद्युतदाब निर्माण होतो, आणि ७०० अंशांना ऑक्सिजन दहापट घटला की तो सुमारे ४८ मिलिव्होल्टने वाढतो. यात काही झिजून संपत नाही, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. वेल्डिंगवाले स्टेनलेस पाइपच्या आत आर्गॉन भरतात तेथेही तो चालतो, फक्त सांध्याजवळचे तेल, सॉल्व्हंट आणि त्यांची वाफ त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये.

आपल्याला विद्युतरासायनिक सेल लागेल, ज्याला बाजारात फ्युएल सेल किंवा गॅल्व्हॅनिक सेन्सर म्हणतात. त्यात शिशाचा अ‍ॅनोड, मौल्यवान धातूचा कॅथोड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्रव असतो. टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातून आलेला ऑक्सिजन कॅथोडवर प्रक्रिया पावतो, शिसे ऑक्साइड बनत जाते, आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात विद्युतप्रवाह वाहतो. हायड्रोजन यात ढवळाढवळ करीत नाही. शिसे संपले की सेल संपला, ही त्याची मर्यादा. यंत्र ज्वालाग्राही वायूच्या परिसरासाठी नागपूरच्या पेसोची (स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता असलेले घ्यावे, बाहेर पडणारा वायू छपराबाहेर सुरक्षित जागी न्यावा, आणि हवेसाठी आखलेल्या रोटामीटरवर विश्वास ठेवू नये. शुद्ध हायड्रोजनचा खरा प्रवाह त्यावरील आकड्याच्या साडेतीन ते चारपट असू शकतो. आपल्या मिश्रणासाठी आखलेला रोटामीटर मागून घ्यावा.

प्रश्न: आम्ही काजूगर टिनांत कार्बन डायऑक्साइड भरून पाठवतो. टिनात ऑक्सिजन किती उरला हे पाहण्यासाठी एका स्नेह्याचा ट्रेस अ‍ॅनालायझर वापरून पाहिला. दोनच आठवड्यांत तो बंद पडला. (काजू कारखानदार, डिचोली)

उत्तर: आपल्या हातून यंत्र बिघडले असे नसून ते यंत्र या कामाचे नव्हतेच. टिनातील हवा निर्वाताने काढून तिच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरण्याची काजू-व्यवसायातील पद्धत जुनी आणि उत्तम आहे, पण वर सांगितलेल्या सेलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे हा वायू कार्बोनेट करून टाकतो. नमुन्यात तो अल्प असेल तर सेल काही काळ तग धरतो. निव्वळ कार्बन डायऑक्साइडमध्ये तो लवकर मरतो. अशा वायूसाठी आम्लधर्मी द्रवाचा सेल मिळतो, आणि मागणी नोंदवताना नमुन्यात कार्बन डायऑक्साइड आहे हे लेखी कळवले पाहिजे.

शिवाय आपल्याला पीपीएमची गरजही नाही. काजूगर खवट होऊ नयेत म्हणून टिनातील ऑक्सिजन टक्क्यांच्या भाषेत कमी असणे पुरेसे आहे. सुईने थोडा नमुना ओढून घेणारा, टक्क्यांत मोजणारा, हातात धरण्याजोगा मीटर स्वस्तही पडेल आणि टिनाचे छिद्र डाख देऊन बंद करण्यापूर्वी चटकन तपासणीही होईल.

प्रश्न: नवा सेल बसवला की यंत्राचा आकडा मोजणीच्या पट्ट्याच्या बाहेर जातो आणि तासन्‌तास खाली येत नाही. सेल खराब आला असे समजावे का? (इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ, मडकई)

उत्तर: नाही. सेल नायट्रोजन भरलेल्या बंद पिशवीत येतो, तो याच कारणाने. पिशवी उघडताच हवेतील ऑक्सिजन पडद्यातून आत शिरून द्रवात विरघळतो, आणि तो सर्व कॅथोडवर खर्च होईपर्यंत आकडा उतरत नाही. हवेत घालवलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत पुढे पर्जिंगच्या, म्हणजे नायट्रोजन वाहवून ऑक्सिजन घालवण्याच्या, वेळात अनेक पटींनी मोजावी लागते.

म्हणून बदलाची सर्व तयारी पिशवी उघडण्यापूर्वी करावी. कोरडा नायट्रोजन यंत्रातून वाहता ठेवावा, जुना सेल काढावा, ओ-रिंग व तिची खाच स्वच्छ कापडाने पुसून पाहावी, आणि मगच पिशवी कापावी. काही सेलांना टोके जोडणारी तार किंवा क्लिप लावलेली असते. ती काढायला विसरले की यंत्र काहीच दाखवत नाही. पडद्याला बोट लावू नये. सेल बसवून झाकण बंद केल्यावर प्रवाह मिनिटाला एक लिटरच्या आसपास ठेवून वाट पाहावी. शंभर पीपीएमपर्यंत आकडा तुलनेने लवकर येतो, दहाच्या खाली यायला काही तास लागतात, आणि एक-दोन पीपीएमपर्यंतचा प्रवास सहज रात्रभर चालतो. काम संध्याकाळी करून सकाळी आकडा पाहणे सोयीचे. चोवीस तास उलटूनही आकडा एका ठिकाणी अडून बसला असेल, तर सेलला दोष देण्याआधी झाकणाची ओ-रिंग तपासावी आणि पहिल्या उत्तरातील प्रवाहाची चाचणी करावी.

प्रश्न: कॅलिब्रेशन किती दिवसांनी करावे? आमचे यंत्र नायट्रोजनवर ४ पीपीएम दाखवत होते, तेव्हा झिरोचे बटण दाबून आम्ही ते शून्य केले. ते बरोबर आहे ना? (गुणवत्ता विभाग, औषधनिर्मिती कारखाना, वेर्णे)

उत्तर: बरोबर नाही, आणि ते आजच पूर्ववत करावे अशी विनंती आहे. ते ४ पीपीएम खरोखर नायट्रोजनमध्ये असतील किंवा एखाद्या सांध्यातून येत असतील. बटण दाबल्याने दोन्हींपैकी काहीच नाहीसे झालेले नाही, फक्त आपल्या नोंदवहीतून गेले आहे. आता १० पीपीएमची मर्यादा असेल, तर आपले यंत्र १४ पीपीएम असताना १० दाखवील आणि बॅच पुढे जाईल. गॅल्व्हॅनिक सेलला ऑक्सिजन नसेल तर प्रवाह जवळपास निर्माणच होत नाही, म्हणून त्याचे शून्य मुळातच भरवशाचे असते. झिरो करायचेच असेल तर ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या गाळणीतून आलेल्या वायूवर, आकडा पूर्ण स्थिर झाल्यानंतर, आणि गळती नाही याची खात्री करूनच करावे.

स्पॅन, म्हणजे ठाऊक प्रमाणाचा गॅस देऊन आकडा त्याच्याशी जुळवणे, मात्र नेमाने करावे. महिन्यातून एकदा ही चांगली सवय आहे. आकडे सलग काही महिने फारसे हलले नाहीत तर तिमाहीवर जायला हरकत नाही. नायट्रोजनमध्ये ठरावीक ऑक्सिजन मिसळलेला, प्रमाणपत्रासह आलेला सिलिंडर घ्यावा, आणि १०० पीपीएमच्या पट्ट्यासाठी ८० पीपीएमच्या आसपासचे मिश्रण योग्य. अशा अल्प प्रमाणासाठी आतून प्रक्रिया केलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर मागावा, कारण साध्या पोलादी सिलिंडरच्या आतील गंज ऑक्सिजन हळूहळू खातो. बाहेरची हवा देऊन पीपीएमचा सेल कॅलिब्रेट करण्याचा मोह टाळावा; यंत्राच्या पुस्तिकेत तशी परवानगी स्पष्ट दिली असेल तरच ते करावे.

येथे रेग्युलेटरची एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांचे कॅलिब्रेशन तेथेच बिघडते. सिलिंडरला रेग्युलेटर जोडला की त्याच्या पोटात हवा अडकलेली असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सरळ उघडला तर त्यातील ऑक्सिजन केवळ यंत्राकडे येत नाही, तो सिलिंडरमध्येही उलटा पसरतो आणि महागडे मिश्रण कायमचे बिघडते. त्यासाठी रेग्युलेटरच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून लगेच बंद करावा, आत १० बार दाब भरला की पुढचा व्हॉल्व्ह हळू उघडून तो सोडावा, पूर्ण शून्य होण्याआधी तो बंद करावा, आणि हे पुन्हा करावे. दर वेळी अडकलेली हवा साधारण एक-अकरांशावर येते. हिशेब केल्यास पाच वेळा भरून सोडल्यावर हवेतील २,०९,००० पीपीएमचे एक-दीड पीपीएम उरतात. कोनाकोपऱ्यांत वायू नीट मिसळत नाही, म्हणून सात-आठ वेळा करावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते टाळले तर पुढचा तासभर आकड्याची वाट पाहण्यात जातो.

प्रश्न: आमच्या यंत्राचा आकडा गेले पंधरा दिवस ०.० आहे. वरिष्ठ खूष आहेत, मला मात्र चिंता वाटते. (एक ऑपरेटर, कुंकळ्ळी)

उत्तर: आपली चिंता योग्य आहे, आणि वरिष्ठांना हे उत्तर अवश्य दाखवावे. गळती आकडा वाढवते, पण संपत आलेला सेल आकडा कमी करतो. शिसे संपले की प्रवाह घटतो, आणि यंत्र कमी प्रवाहाचा अर्थ कमी ऑक्सिजन असाच लावते. चालत्या कारखान्यातील खरा आकडा थोडाफार वरखाली होत असतो. भार बदलला, प्लांटचे आलटून पालटून चालणारे टॉवर बदलले की पीएसए प्लांटचा आकडा किंचित हलतोच. पंधरा दिवस अचल ०.० हे शुद्धतेचे नव्हे, तर मेलेल्या सेलचे किंवा तुटलेल्या जोडणीचे लक्षण समजून तपासावे.

तपासणी सोपी आहे. स्पॅन गॅस द्यावा. आकडा मिनिट-दोन मिनिटांत नीट वर गेला तर सेल जिवंत आहे. तो रेंगाळत चढला किंवा कॅलिब्रेशनमध्ये समायोजनाची मर्यादा संपली असे यंत्राने सांगितले, तर सेल बदलावा. स्पॅन गॅस हाताशी नसेल तर प्रवाह अगदी थोडा वेळ कमी करून आकडा हलतो का ते पाहता येते, पण तो केवळ इशारा होय. पीपीएमच्या कामावर असा सेल साधारण एक ते दोन वर्षे चालतो, म्हणून बसवल्याची तारीख सेलवर आणि नोंदवहीत, दोन्हीकडे लिहावी.

नियंत्रण कक्षात आकडा ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेने जात असेल तर आणखी एक दक्षता हवी. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य पीपीएम. तार तुटली की ० मिलिअँपिअर येतो. पीएलसीमध्ये (नियंत्रण करणाऱ्या संगणकात) ३.६ मिलिअँपिअरच्या खालील संकेत हा बिघाड समजून अलार्म वाजेल अशी व्यवस्था करून घ्यावी. ती नसेल तर तुटलेली तारही कारखान्याला शुद्ध नायट्रोजनच वाटते.

प्रश्न: पावसाळ्यात आणि चवथीच्या सुट्टीत यंत्राची काय काळजी घ्यावी? (देखभाल विभाग, थिवी)

उत्तर: पावसाळ्यातील दमट हवेचा नमुन्यावर थेट परिणाम होत नाही, कारण पीएसएचा नायट्रोजन नीट चालत असेल तर पुष्कळ कोरडा असतो. नमुन्याच्या ट्यूबमध्ये पाणी दिसलेच तर दोष कॉम्प्रेसरनंतरच्या ड्रायरमध्ये किंवा त्याच्या निचऱ्यात शोधावा, आणि तो तातडीने शोधावा, कारण तेच पाणी प्लांटमधील ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या कार्बन मॉलिक्युलर सीव्हचेही नुकसान करते. खरा त्रास असतो तो विजेचा आणि गंजाचा. यंत्राला सर्ज प्रोटेक्टर आणि यूपीएस द्यावा, किनाऱ्याजवळच्या वसाहतींत पॅनेलमधील टर्मिनल पावसाळ्यापूर्वी व नंतर उघडून पाहावेत, आणि पॅनेलच्या केबल ग्लँड घट्ट आहेत याची खात्री करावी.

व्हेंटच्या, म्हणजे मोजून झालेला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती बाहेर काढलेली असेल तर तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी बसवावी. कुंभारीण माशी मातीचे घरटे करायला नेमकी अशीच पाव इंची भोके शोधते. व्हेंट कोंडला की सेलवर दाब चढतो, आणि सेल आंशिक दाबच मोजत असल्याने ०.१ बारचा चढही आकडा दहा टक्क्यांनी वाढवतो. दाब आणखी वाढला तर पडदाच फाटतो. नळी अगदी आखूडही नसावी, नाहीतर प्रवाह मंद असताना हवा उलटी शिरते. काही वेटोळी दिलेली मीटर-दोन मीटरची ट्यूब पुरेशी होते.

चवथीला प्लांट बंद ठेवायचा असेल तर यंत्र नुसते बंद करून घरी जाऊ नये. वीज बंद असली तरी सेल हवेत झिजतच राहतो, आणि प्लांटचा दाब उतरला की पाइपमधून हवा हळूहळू सेलपर्यंत पोहोचते. उत्तम उपाय म्हणजे लहान सिलिंडरमधून कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवणे. ते शक्य नसेल आणि सेलच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतील, तर नायट्रोजन वाहत असतानाच आधी आत येणारा आणि लगेच बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा. हा क्रम उलटा होता कामा नये, कारण बाहेरचा आधी बंद केला तर लाइनचा सारा दाब पडद्यावर येतो. सुट्टीनंतर प्रथम बायपासने, म्हणजे सेलला वगळून, लाइन भरपूर वाहू द्यावी आणि मगच नमुना सेलकडे वळवावा.

प्रश्न: यंत्राची खोली लहान व वातानुकूलित आहे. व्हेंट खोलीतच सोडला तर चालेल का? आणि जुने सेल कोठे टाकावेत? (सुरक्षा अधिकारी, पिसुर्ले)

उत्तर: व्हेंट बंद खोलीत सोडू नये. एका यंत्राचा मिनिटाला एक लिटर वायू फार नसला तरी बायपासचा प्रवाह, कॅलिब्रेशनचा सिलिंडर आणि एखादी सुटलेली जोडणी मिळून लहान खोलीतील ऑक्सिजन खाली येऊ शकतो. नायट्रोजनला वास नसतो आणि गुदमरण्याची जाणीवही तो होऊ देत नाही. माणूस सावध होण्याआधी शुद्ध हरपतो. खोलीत १९.५ टक्क्यांवर इशारा देणारा, हवेतील ऑक्सिजनचा स्वतंत्र मीटर बसवावा. पाइपमधील ऑक्सिजन मोजणारे यंत्र खोलीतील माणसाचे रक्षण करीत नाही, हे नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी सांगावे.

जुन्या सेलमध्ये शिसे आणि दाहक द्रव असतो, म्हणून तो कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे देऊ नये. पडद्यावर किंवा संपर्कबिंदूंवर पांढरी पूड किंवा बुळबुळीत ओल दिसली तर सेल फुटला असे समजून हातमोजे व चष्मा घालूनच तो काढावा. त्वचेला द्रव लागल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे, आणि डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. निकामी सेल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तारीख लिहून, घातक कचऱ्याच्या ठरलेल्या जागी ठेवावेत आणि घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडेच नोंदीसह सोपवावेत. काही पुरवठादार नवा सेल देताना जुना परत घेतात. खरेदीच्या वेळीच ती अट ऑर्डरमध्ये लिहून घेतल्यास आपले काम हलके होईल.